पेंटरकाकांची सही

पेंटरकाका म्हणजे पाट्या रंगवणारे. लबाड दुकानदारही त्यांच्या अक्षरात सज्जन वाटायचा. असा माणूस साधी सही कशाला करतोय? साठी उलटल्यावर ज्येष्ठांच्या औषधांचा खर्च उचलणाऱ्या योजनेत नाव घातलं, तेव्हा अर्जावर त्यांनी पाटीच रंगवली: वळणदार अक्षरं, खाली सावली, शेवटी एक लांब फराटा. तेव्हा औषध म्हणजे रक्तदाबाची किरकोळ गोळी. कारकुनाने सही शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवली आणि काका आठवडाभर तरंगत राहिले.

पुढे काकांचा हात थरथरायला लागला. त्यावरची गोळी इतकी महाग, की काकू ती ब्लेडने कापून अर्धी अर्धी द्यायच्या. अर्ध्या गोळीने हात चमचा कसाबसा धरायचा, पेन नाही. अख्खी घेतली तर तासाभरात ताळ्यावर यायचा आणि चार तासांनी पुन्हा नाचायला लागायचा. ही गोळी योजनेत घालायला नवा अर्ज हवा होता. तो दोनदा परत आला. शेरा एकच: सही जुळत नाही.

"अंगठा चालेल का हो?" काकूंनी खिडकीवर विचारलं होतं.

"ज्यांना सही येते त्यांचा नाही चालत," कारकून म्हणाला.

"तरी लग्नापासून सांगतेय, जरा साधं वागा," काकू घरी येऊन म्हणाल्या.

शेवटी डबीत एकच अख्खी गोळी उरली. ती सकाळी आठला घेऊन काका नऊला काकूंसोबत खिडकीवर हजर. सही अशी उतरली, की सावलीचीही सावली पडावी. कारकुनाने दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "वा! एकदम जुळली." मग अर्ज वाचला. "आजार, हात थरथरणे. कुठे थरथरतोय?"

"गोळी घेतलीय ना साहेब."

"म्हणजे गोळी आहे तुमच्याकडे."

"शेवटची होती."

"काका, माझा विश्वास आहे. पण मला डोळ्यांनी बघून शेरा मारावा लागतो. बसा बाकावर. एकपर्यंत खिडकी उघडी आहे."

आयुष्यभर काकांनी हात स्थिर राहावा म्हणून धडपड केली. आता तो हलावा म्हणून नवस करायची वेळ आली. मांडीवर पालथा ठेवून दोघं त्याच्याकडे बघत बसली. अकरा वाजले, बारा वाजले, हात दगडासारखा.

"अहो, करंगळी हलली का?"

"मीच हलवली."

"मुद्दाम नका हलवू! त्यांना कळतं."

"एरवी चहा सांडायला बरा तयार असतो मेला."

एकला दहा मिनिटं असताना अंगठा फडफडला, मग पंजाच सुटला. काका जवळजवळ धावतच खिडकीशी गेले. काकू मागून ओरडल्या, "थरथरतोय हो, थरथरतोय!" रांगेतल्यांनी वळून पाहिलं, मुलगा परीक्षेत पहिला आल्यासारखा काकूंचा सूर होता.

कारकुनाने हात नीट पाहिला. त्यालाही बरं वाटलं असावं. सुवाच्य अक्षरात त्याने शेरा लिहिला, शिक्का मारला आणि कागद फिरवून पुढे सरकवला.

"झालं काका. आता शेरा मान्य आहे म्हणून इथे खाली सही करा. तशीच हं, जुळायला हवी."

काकांनी पेन घेतलं. ते काचेवर टकटक वाजू लागलं. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"बाई, हात लावायचा नाही," कारकून हळूच म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं.

काकूंनी मनगट सोडलं, पर्समधून डबी काढली आणि रिकामी आहे हे ठाऊक असूनही उघडून पाहिली.