चांदीची डबी आणि छातीचा एक्स-रे

लातूरच्या रुग्णालयातली ती एक्स-रेची खोली आता सामान ठेवायला वापरतात. अलीकडे नांदेडहून कामासाठी गेले, तेव्हा दार उघडं दिसलं. भिंतीवर स्टँडच्या बोल्टांची चार भोकं तशीच होती. तिथेच मी एक्स-रे तंत्रज्ञाची इंटर्न होते.

मूल्यमापनाचा नियम सोपा होता. प्रत्येक तपासणी एकदा आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमसमोर, कोणाच्याही मदतीशिवाय करायची. मध्येच मॅडमना एक शब्द जरी बोलावा लागला, तरी नापास. छातीच्या एक्स-रेत मी एकदा तशी नापास झाले होते. रुग्णाची हनुवटी वर घ्यायची राहिली होती. पुन्हा तसंच झालं असतं, तर इंटर्नशिप लांबली असती आणि नांदेडला ठरलेली नोकरी गेली असती.

त्या दिवशी मुरुडचे एक किराणा दुकानदार आले. शर्ट, बनियन त्यांनी मुकाट काढलं. गळ्यात दोऱ्याला लिंगायत बाळगतात तशी इष्टलिंगाची चांदीची डबी होती, नेमकी छातीच्या मधोमध.

“काका, ही काढावी लागंल. फोटोत छाती झाकते.”

“न्हाई पोरी. जीव गेला तरी ही अंगावेगळी होत न्हाई.” ते मॅडमकडे वळले. “बाई, तुमी तरी सांगा हिला.”

मॅडमनी हातातल्या कागदावरून नजर उचलली नाही.

“मुक्या हायत का ह्या?”

“माझी परीक्षा घेऊन राहिल्यात, काका. बोलल्या की मी नापास.”

“म्हंजे मी तुझा पेपर हाय व्हय? आधी सांगायचं की!”

ते हसले, पण हात डबीवरच होता. माझ्या गावी, उमरीला, आमच्या शेजारी रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा चालायची. मी विचारलं, “काका, पूजेला लिंग कुठं घेता?”

“डाव्या तळहातावर.”

“मग डबी आताही तिथंच घ्या. दोरा मनगटाला गुंडाळा, मूठ मिटून कमरेवर ठेवा. अंगावेगळी होत न्हाई.”

त्यांनी मान लववून दोरा गळ्यातून काढला आणि डबी डाव्या मुठीत घेतली. मी त्यांची हनुवटी वर घेऊन स्टँडवर टेकवली, खांदे पुढे घेतले, श्वास रोखायला सांगितला.

पडद्यावर दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ उमटली. मॅडमच्या कागदावर छापलेलं होतं, ‘धातूच्या वस्तू काढल्या’. त्यांनी ‘काढल्या’ खोडून ‘बाजूला घेतल्या’ असं लिहिलं, पुढे बरोबरची खूण केली आणि सही करून त्या बाहेर गेल्या.

पुढच्या रुग्णाला मी एकटीनेच आत बोलावलं.