खुर्चीला लावलेला बिबा

माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. तळ्यापलीकडे राहणाऱ्या एका साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला, आणि त्यातून यजमानांनी एक सागवानी हाताची खुर्ची आणली. खटाऱ्यात काथ्याने आवळून आणल्यामुळे तिच्या दोन्ही हातांवर पांढरे ओरखडे उठले होते. सासूबाईंनी ती ओटीवरच ठेवायला लावली. "साहेब काय काय खाऊन बसला असेल तीवर! मी काही शिवायची नाही."

यजमानांना ते ओरखडे बघवेनात. परीट कपड्यावर बिब्याने खूण करतो ती जन्मात जात नाही, मग लाकडावरचा पांढरेपणा का झाकणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. रविवारी बिबे तापवून त्यांचे तेल त्यांनी काडीने ओरखड्यांत भरले. ओरखडे काळेभोर झाले. "वाळेपर्यंत बसू नकोस," एवढे मला सांगितले. सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी सकाळी सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेले, वर बारीक फोड.

"काल अळू चिरलं ना, त्याची खाज," त्या म्हणाल्या.

अळू मी चिरले होते. मी खोबरेल लावू लागले. तेवढ्यात यजमान आले.

"आई, हा तर बिबा उतलाय. कुठे लागला तुला?"

त्यांनी ओटीवरच्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पाठ फार दुखत होती रे. काल दुपारी कोणी नव्हतं. म्हटलं, टेकून तर बघू."

आम्ही दोघेही हसलो नाही. जन्मभर त्या पाटावर नाहीतर जमिनीवर बसलेल्या. त्यांच्या पाठीला टेकू हवा असेल, हे घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

त्यांचे फोड बसेपर्यंत मी हाताला तेलाचे फडके गुंडाळून सगळा बिबा काचेच्या तुकड्याने खरवडून काढला. मेण पातळ करून त्यात कात खलला. रंग फार लाल आला, म्हणून थोडी काजळी घातली. तो लगदा ओरखड्यांत दाबला आणि वरून जवसाचे तेल देऊन जुन्या धोतराच्या बोळ्याने घासले. जवळून पाहिले तर खुणा दिसत, पण डोळ्यांना खुपत नसत.

सासूबाईंनी बोटाने चाचपून पाहिले. "आता नाही ना उतायची?"

"नाही."

त्यांनी खुर्चीवर गोमूत्र शिंपडले आणि ती माजघरात खिडकीशी नेऊन ठेवायला सांगितली. यजमान कचेरीतून आले की पूर्वीसारखे ओटीवर सतरंजी टाकून बसत.