खरबुजाचा शब्द

केजच्या बसस्टँडसमोर तो फळांचा गाडा लावतो. गिऱ्हाइकानं उचललेलं खरबूज आधी स्वतःच्या नाकाशी धरतो आणि पटलं नाही तर काढूनच घेतो. "ऱ्हाऊ द्या सर, ह्ये गोड न्हाई." अशानं धंदा कसा होतो, कोण जाणे.

माझी मुलगी एस्टोनियात शिकते. तिकडं कलिंगडाला 'आर्बूस' म्हणतात, असं तिनं फोनवर सांगितलं. तो शब्द म्हणजे आपलं फारसी खरबूजच. तुर्कांकडून रशियात गेलं, तिथून एस्टोनियात. हे कधी एकदा त्याला सांगतो, असं मला झालं होतं.

गाड्यासमोर चौघं मोबाइल रोखून उभे होते. मुसलमानांकडून फळं घेऊ नका, असा मेसेज सकाळीच गावभर फिरला होता. आता कोण घेतंय, त्याचं शूटिंग चाललं होतं. माझा पाय पुढं पडेना.

त्यानं मला पाहिलं. हातातलं खरबूज नाकाशी न धरताच खाली ठेवलं.

"सर, आज एकबी गोड न्हाई," तो चौघांना ऐकू जाईल असा ओरडला. "जावा तुमी."

खरबुजांचा घमघमाट पार रस्त्यापर्यंत येत होता. मी गेलो.