युरियातली गाठ

माझी बहीण वंदना मेहकरला लहान मुलांच्या दवाखान्यात रक्त तपासते, हे मी डोणगावात कोणी न विचारताही सांगतो. माझं खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक पोतं न्यायला येतं आणि बहिणीचं कौतुक ऐकून जातं. लोक कंटाळतात. कंटाळू द्या!

गेल्या पोळ्यानंतर आमच्या गल्लीतल्या गोपालची तान्ही मुलगी मीच माझ्या गाडीतून तिथे नेली. नाळ गळाल्यापासून तिच्या बेंबीतून रक्त झिरपत होतं, थांबायचं नाव नाही. त्यांचा पहिला मुलगा असाच गेला होता. गोपालची आई वच्छलाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यातच सुनेवर घसरली.

"हिचा पायगुनच खराब. एक खाल्लं, आता दुसरं खाऊन राह्यली."

सून निशिगंधा म्हणजे तिच्याच सख्ख्या भावाची मुलगी, हौसेने करून आणलेली. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती वेळ भांडणाची नव्हती.

रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. गाठ वेळेवर धरत होती, तरी बेंबी वाहतच होती. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेरावा बाळात नसावा, अशी डॉक्टरांना शंका आली. मोठ्या शहरातून रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. वंदना म्हणाली, "सर, युरियाची चाचणी मी करते, कॉलेजात केलेली आहे." डॉक्टर लगेच हो म्हणाले. आधी नमुना काढला, मग बाळाला प्लाझ्मा, म्हणजे दात्याच्या रक्तातला द्रव, लावला. नमुन्यातला पिवळसर द्रव वंदनाने वेगळा करून फ्रीजरमध्ये ठेवला.

युरिया म्हटल्यावर माझी छाती फुगली. धावतपळत दुकानातून पिशवीभर आणून टेबलावर ठेवला. एवढ्या धास्तीतही तिला हसू आलं.

"दादा, याले कडूलिंबाचं तेल लावेल हाय. हे कपाशीले टाक. मले शुद्ध पाह्यजे."

मग अकोल्याहून लॅबचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध युरियाची बाटली आणली, तीही मीच.

तिने मला माझ्या भाषेत समजावलं. रक्ताची गाठ धरते, म्हणजे पोत्याचं तोंड आवळलं जातं. तेरावा घटक त्याला टाके घालतो. टाके नसले तर ती गाठ युरियाच्या पाण्यात विरघळते, टाक्यांची गाठ टिकते. तुलनेला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. मी बाही वर केली. सुई बघून तोंड फिरवलं, हे तिने नंतर घरभर सांगितलं ते सोडा.

तिने दोन नळ्यांत दोघांच्या गाठी धरवल्या, त्यांवर युरियाचं पाणी ओतलं आणि आम्ही थांबलो. दुपारी तिने हाक मारली. माझी गाठ पांढरट, जाडजूड, जिथल्या तिथे. बाळाच्या नळीत नुसतं पाणी. तिने सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं, तेच आलं. मग कुठे ती डॉक्टरांकडे गेली.

प्लाझ्माने रक्त थांबलंच होतं. आता का थांबलं तेही कळलं होतं, त्यातून तिला तेरावा घटक मिळाला होता. दर महिन्याला तो घटक देत राहिलं तर मुलगी जगणार होती. पुढे मोठ्या लॅबनेही वंदनाचंच खरं ठरवलं.

डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून सांगितलं की हे आईबाप दोघांकडून येतं. वच्छलाबाईने मान उडवली.

"मंग हिच्याकडलंच असन. आमच्यात कोनाले हाय असं?"

वंदना तिच्याजवळ जाऊन बसली आणि हलक्या आवाजात बोलली.

"मावशी, निशिगंधा तुमच्या भावाची. गोपाल तुमचा. दोघाइले एकाच घरातून आलेलं दिसते. कोनाचा गुन्हा नाही हा. पन पायगुनाचं नाव आता काढू नका."

चाचणी शिकलेलं कोणीही करील. पण म्हातारीची लाज राखून खरं सांगणारी माझी बहीण आहे, म्हणून मी गावभर मिरवतो.

वच्छलाबाई उठून सुनेशेजारी खाली फरशीवर बसली.

"माह्या माहेरचंच व्हय ते. अन् मी तुलेच बोलत राह्यली."

निशिगंधाने तोंडातला पदर काढला. "आत्या" म्हणून तिने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि गेलेल्या मुलासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडली.