साहेबासमोर बोललेली पाच वाक्यं

विशेषण म्हणजे काय हे मला भाईंदरच्या शाळेत शिकवलं, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. घरची मंडळी म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून दे. का सोडू? ज्यांना सोडून देता येतं त्यांनी खुशाल सोडावं. माझं टाळकं आजही सरकतं.

लढाईचे दिवस होते. आमचं घर खाडीच्या बाजूला, कोळीवाड्यात. वडील होडीवर असायचे, आई बाजारात मासे विकायची, आणि घरात शब्द चालायचा तो आईचा. तिने माझ्यापुरतं एक ठरवून टाकलं होतं. वर्षाच्या शेवटी तपासणीला साहेब येणार, त्याच्यासमोर मी इंग्रजीत पास झाले तर पुढे हायस्कूलला जायचं. नाही झाले तर दुसऱ्या सकाळी डोक्यावर पाटी घेऊन तिच्यामागून बाजारात. ही काही धमकी नव्हती. तिच्या लेखी दोन्ही कामं सारखीच मानाची होती. मला मात्र पाटी नको होती. पाटीतलं मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं आणि दिवसभर तिथेच वाळतं, ते मी रोज पाहत होते.

आमच्या वर्गात सगळ्या भाईंदरचा काला होता. कोळ्यांच्या आम्ही दोघी, मिठागरात काम करणाऱ्या आगऱ्यांची मुलं, किराणा दुकानदार वाण्याचा मुलगा, एका किरिस्तांव शिंप्याची मुलगी, काशीमिऱ्याहून येणारा मुसलमान गाडीवानाचा मुलगा, आणि पुढच्या बाकावर स्टेशनातल्या कारकुनाची दोन गोरीगोमटी मुलं. मास्तरांनी हा काला बघितला आणि त्यांना एक युक्ती सुचली. इंग्रजीची विशेषणं नुसती पाठ करण्यापेक्षा आपल्याच आसपासच्या लोकांवरून शिकवावीत, म्हणजे मुलांच्या डोक्यात पक्की बसतील. युक्ती ऐकायला झकास होती. मास्तर स्वतःवर इतके खूष होते की त्या दिवशी त्यांनी कुणालाच मारलं नाही.

त्यांनी फळ्यावर डाव्या बाजूला जातीपाती लिहिल्या आणि उजव्या बाजूला विशेषणं. कुठल्या तरी गोऱ्या माणसाच्या जुन्या पुस्तकातून उतरवलेली. रेघ मारून जोड्या लावायच्या. मी पहिल्या झटक्यात कोळ्यापासून ‘ब्रेव्ह’पर्यंत रेघ मारली. ब्रेव्ह म्हणजे शूर. माझे वडील भर वादळात होडी परत आणतात, त्यांना शूर नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं? मास्तरांनी माझी रेघ पुसली.

“ब्रेव्ह मराठ्यांना गेलं,” ते म्हणाले. “एक विशेषण एकदाच वापरायचं.”

विशेषणं वाटून द्यायला ती काय रेशनची साखर होती? पण नियम तो नियम. पारशी ‘जनरस’ झाला, म्हणजे उदार. ब्राह्मण अर्थातच ‘लर्नेड’. वाणी काटकसरी, किरिस्तांव गाण्याबजावण्याचा शौकीन. गाडीवानाचा मुलगा ‘फिअर्स’ झाला, म्हणजे उग्र. तो बिचारा शाळेच्या मांजरीलाही भ्यायचा. आगऱ्याला कष्टाळू मिळालं, तेही मास्तरांनी जरा नाखुषीनेच दिलं. कोळी यादीत सर्वांत खाली होता. आमची पाळी येईपर्यंत चांगला माल संपला होता. उजव्या बाजूला दोनच शब्द उरले होते, ‘डर्टी’ आणि ‘ड्रंकन’. घाणेरडा आणि दारुडा. मास्तर म्हणाले, “दोन्ही चालतील.”

पुढच्या बाकावरची मुलं हसली. माझ्या शेजारची कोळ्याची पोर खाली मान घालून लिहायची पाटी पुसत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी तोंड उघडलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं माझ्या त्या न उघडलेल्या तोंडाबद्दल आहे. आणि नंतर जे उघडलं त्याबद्दल.

तपासणीचा दिवस जवळ आला तेव्हा मास्तरांनी सांगितलं, प्रत्येकाने साहेबासमोर आपल्या लोकांविषयी पाच वाक्यं इंग्रजीत बोलायची. मी घरी बसून लिहिली. आम्ही समुद्राचे लोक. माझी आई मासे विकते. तिला कोणी फसवू शकत नाही. अशी. मास्तरांनी ती वाचली, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि मग फळ्यावरची जोडी वापरून आणखी एक नमुना खाली लिहून दिला.

“व्याकरण दोन्हींचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “साहेबांना कुठलं आवडेल ते तूच बघ.”

त्यांनी जबरदस्ती केली असती तर आज मी किती सुखात असते. त्यांनी केली नाही. त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि मी बघितलं. मी बारा वर्षांची होते, पण साहेबाला काय आवडेल हे कळायला बारा वर्षं पुष्कळ होतात. मी नमुना घेतला. एवढंच करून थांबले नाही. नमुन्यात चारच वाक्यं होती, पाचवं मी माझ्या पदरचं घातलं. मास्तरांनी ते वाचलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वही परत दिली.

साहेब आला. गोरा नव्हता, आपलाच मराठी माणूस होता, पण बूट काढून ठेवताना शिपायालासुद्धा इंग्रजीत हाका मारत होता. आई बाजार अर्ध्यावर टाकून आली होती. पाटी तिने झाडाखाली ठेवली आणि खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मी उभी राहून बोलले, खणखणीत.

“वी आर कोळीज. वी कॅच फिश. वी आर डर्टी. अवर मेन ड्रिंक. बट द स्कूल विल मेक अस क्लीन.”

आम्ही कोळी आहोत. आम्ही मासे धरतो. आम्ही घाणेरडे आहोत. आमचे पुरुष दारू पितात. पण शाळा आम्हाला स्वच्छ करील. हे शेवटचं वाक्य माझं.

साहेब खो खो हसला. “शाबास!” म्हणाला, तेवढं मराठीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग तो हात रुमालाला पुसला. खिडकीत आईने दोन्ही हात जोडले होते.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “काय बोललीस गो?”

“आपल्या लोकांबद्दल बोलले.”

“चांगलं बोललीस ना?”

“हो.”

झालं. त्या दिवसापासून माझी एकच धडपड होती, की मी काय बोलले ते आईला कधी कळू नये. पास झाल्याचा आनंद मला चार दिवससुद्धा मिळाला नाही, कारण आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने अख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं, पोरीनं सायबाला हसवलं. आणि ही गोष्ट धवलारणीच्या कानावर गेली. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे मंगलगाणी, गाणारी म्हातारी. तिच्याशिवाय हळद लागत नाही, मांडव उभा राहत नाही. तिचे निम्मे शब्द इतके जुने होते की तिला स्वतःलाही त्यांचा अर्थ लागत नसे. शब्द कळले नाहीत म्हणून त्यांचं पुण्य कमी होत नाही, असं ती मानायची. तिने ठरवलं, ज्या बोलण्याने सायब हसला ते बोलणं शकुनाचं. नवऱ्यामुलाला नोकरी लागेल, घरात सायबाचा शब्द येईल.

आणि मला हळदीला उभं करायला लागले.

तुम्हाला हे खरं वाटणार नाही. पाटावर नवरी बसलेली, अंगभर हळद, धवलारणीचा धवला संपलेला, आणि मग आई मला पुढे ढकलायची. “बोल गो तुजं इंग्रजी.” मी बोलायचे. आम्ही घाणेरडे आहोत. आमचे पुरुष दारू पितात. बाया डोळे मिटून ऐकायच्या. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडायच्या. एकदा नवऱ्यामुलीच्या बापाने माझ्या पायावर नारळ ठेवला. मला वाटलं, तोच उचलून माझ्या डोक्यात घालावा.

एका हळदीला बोलले, दुसऱ्या हळदीला बोलले. मग गल्लीतल्या पोरांना ते पाठ झालं. लंगडी खेळताना ओरडायची, “वी आर डर्टी! वी आर डर्टी!” शेजारची तोंडाचं बोळकं झालेली आजी मला बघितलं की हौसेने म्हणायची, “डल्टी, डल्टी,” आणि हसायची. मी त्या पोरांना धोपटलं. कारण कोणाला कळेना. आईने उलट मलाच झापलं, “चांगलं इंग्रजी बोलतात तर तुजं काय जातं?”

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. मी रोज सकाळी ठरवायचे आणि रोज माझी हिंमत व्हायची नाही. हायस्कूलला माझं नाव घातलं होतं. आईने त्यासाठी मला नवीन परकर शिवला होता.

चौथं की पाचवं लग्न होतं. वऱ्हाडात उत्तनचे एक किरिस्तांव काका आले होते. त्यांचा आणि नवऱ्याच्या बापाचा सुक्या मासळीचा धंदा एकत्र. तरुणपणी ते बोटीवर आचारी होते, वीस वर्षं गोऱ्यांसाठी रांधलेलं. मला हे ठाऊक असतं तर मी ताप आल्याचं सोंग केलं असतं. दुपारची वेळ, मांडवात उकाडा. मी बोलायला लागले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी मान वर केली. पाचव्याला ते उठले.

टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग आईला म्हणाले, “बाय, हे पोरीला कोनी शिकवलं?”

“शालेत,” आई म्हणाली, फुगून. “सायब हसला हिच्यावर.”

“हसेल न्हाय तर काय करेल? तुला ठावं हाय, ही काय बोलते?”

आणि त्यांनी सांगितलं. एकेक वाक्य, सावकाश, आमच्याच बोलीत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. त्यांचा आवाज चढला नाही. नवरी पाटावर बसलेली, तिच्या गालावरची हळद वाळत होती. धवलारणीने पदर तोंडावर घेतला. ज्याने माझ्या पायावर नारळ ठेवला होता, तो माणूस उठून मांडवाबाहेर निघून गेला.

आईने माझ्याकडे बघितलं. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “तुला ठावं होतं गो?”

मी म्हणाले, “न्हाय.”

आणि तिने विश्वास ठेवला. बाजारात शिळ्या माशाचा डोळा बघून ताजा म्हणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरणारी बाई. तिला कोणी फसवू शकत नाही, असं मीच लिहिलं होतं. तिने मला पोटाशी धरलं.

दुसऱ्या सकाळी तिने मला हाताला धरून शाळेत नेलं. वर्ग भरलेला होता. उंबऱ्यात उभी राहून तिने मास्तरांना जे सुनावलं ते भाईंदरमध्ये तोवर कुठल्या मास्तराने ऐकलं नसेल. “माज्या पोरीला कलत न्हाय म्हनून तिच्या तोंडात तुमी घान घातली! तुमच्या पोरीला शिकवाल का असं? आमचं म्हावरं खाताना घान लागत न्हाय, आन आमी घान?” मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. तिचा शब्द न् शब्द खरा होता, फक्त माझ्याबद्दलचा सोडून.

मास्तर खुर्चीतून उठले होते. ते माझ्याकडे बघत होते. निवड कोणाची होती ते त्यांना माहीत होतं, पाचवं वाक्य कोणाचं होतं तेही माहीत होतं. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. आईने तिथेच माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या, घरी आल्यावर आणखी दोन, आणि मी मोकळी झाले असते. मी वाट बघत होते.

“चुकलं, बाई,” मास्तर म्हणाले. “पोरीचा दोष नाही.”

फळ्यावरच्या त्या यादीबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण माझा खरा राग आहे तो या पाच शब्दांवर. कोणी सांगितलं होतं दया करायला? आम्हाला शूर म्हणायला त्यांच्याकडे एक शब्द शिल्लक नव्हता, आणि मला वाचवायला मात्र होते. त्यांनी खोटं बोलून माझं खोटं कायमचं पक्कं करून टाकलं.

मी हायस्कूलला गेले, मॅट्रिक झाले, नोकरीला लागले. पाटी डोक्यावर घेतली नाही. आईने शेवटपर्यंत बाजार केला, आणि मी सुट्टीत घरी आले की ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी पोर शिकलेली हाय पण भोळी हाय, तिला लहानपनी शालेत फसवलं. मी आत बसून ऐकायचे. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली, “मनाला लावून घेऊ नको गो. तुला कुठं ठावं होतं?” तेव्हाही मी काही बोलले नाही.