सुरेंद्रच्या नावाचा ढीग

नवरा मेला तर बाई विधवा, नांदवत असला तर सवाष्ण. पण नवरा जिवंत आहे आणि तरी नाही, अशा बाईला काय म्हणायचं ते आपल्या शहाण्या बापजाद्यांनी ठरवूनच ठेवलं नाही. गिरजाला टोलीत सगळे 'सुरेंद्रची बायको' म्हणत. सुरेंद्रचं तोंड पाहून सहा वर्षं झाली होती, तरी म्हणतच होते.

टोली म्हणजे मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती. ब्रह्मपुरीहून जीपने आलं की तलावाच्या पाळीखाली लागते ती. संक्रांत सरली की इथली अर्धी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. सुरेंद्रही जायचा. माणूस तसा वाईट नव्हता. प्यायचा, पण हात उचलायचा नाही, आणि जाळं फेकावं तर त्यानंच. एका वर्षी होळीच्या तोंडावर मजुरांची गाडी परत आली, सगळे उतरले, सुरेंद्र उतरला नाही. "मांगून येतो म्हने," सोबतचे म्हणाले. पुढच्या वर्षी खरं काय ते कळलं. तिकडं तो एका तेलगू बाईच्या घरी राहतो आणि तिचं पोरगं त्याला बाप म्हणतं. फोन लावला तर नंबर बंद. गिरजा रडली, भांडी आपटली, एकदा त्याला शोधायला निघाली आणि ब्रह्मपुरीच्या स्टँडवरूनच परत आली. जाणार कुठं? गावाचं नाव माहीत नाही, तिकडची भाषा येत नाही.

पोरबाळ नव्हतं. घरात होती ती सासू, मनकर्णा. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं दिसल्यासारखं करते. दोघी सकाळी भांडायच्या आणि संध्याकाळी एका ताटात जेवायच्या. शेजारणी विचारत, "पोरगा पळाला, अना बुढी तुह्या गळ्यात. काऊन ठेवून राह्यली तिले?" गिरजा म्हणे, "मंग काय तलावात फेकू?"

आता तलावाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडकलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावात महाजाल पडतं. ढिवरांच्या सोसायटीचा जुना माणूस भैयाजी, तो पाळीवर उभा राहून एकेक नाव पुकारतो. पाण्यातून "हाव", म्हणजे हो, आलं की त्या नावाचा मासळीचा ढीग पाळीवर पडतो. जो पाण्यात उतरेल त्याचाच ढीग. लागोपाठ तीन वर्षं ज्या नावाला "हाव" आलं नाही, ते नाव तलावातून कायमचं गेलं. आणि बाईच्या नावाचा ढीग? तसा रिवाजच नाही. बाईनं मासळी विकावी, सुकवावी, रांधावी. नाव मात्र नवऱ्याचं.

सुरेंद्र गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भैयाजीनं पुकारलं, "सुरेंद्र!" छातीभर पाण्यात जाळ्याचा दोर धरून गिरजा उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, अंगावर सुरेंद्रचाच जुना सदरा. ती म्हणाली, "हाव." कोणी हसलं नाही. भैयाजीनं खाली मान घालून पुढचं नाव घेतलं. ढीग पडला. त्या मासळीवर दोघींचा पावसाळा निघाला. मग दरवर्षी तसंच. टोलीत आणखी तीन-चार घरं अशीच चालत होती, म्हणून सगळ्यांनीच डोळे मिटून घेतले होते. गरिबांच्या वस्तीत एवढं तरी चालतंच की हो.

मग मनसाराम आला. चामोर्शीकडचा विधुर, बाजारोबाजारी जाळी विकायचा, फाटलेली सांधून द्यायचा. गिरजाशी तो जाळ्यापेक्षा जास्त बोलायला लागला, हे टोलीला तिच्याआधी कळलं. पण माणूस सरळ. पहिल्याच दिवशी म्हणाला, "गिरजाबाई, कागदाबिगर नाई. माह्या भावानं अशीच बाई घरात आनली, अना तिचा पैला नवरा दारात येऊन उभा राह्यला. कोर्टाची फारकती आना, मी थांबतो." आणि तो थांबला. एक पोळा गेला, दुसरा गेला. त्याच्या बहिणी त्याच्यासाठी दुसरीकडे पाहू लागल्या, तेव्हा त्यानं सांगितलं, "येत्या पोळ्यापावतर थांबतो. त्याच्या पुढं माहं कोनी आयकत नाई."

गिरजानं एकदा धीर करून सासूबद्दल विचारलं, "आत्या माह्यासंगं येतीन. चालन ना?"

मनसाराम बराच वेळ दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "पाहू."

मनकर्णा आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. 'पाहू' म्हणजे काय ते बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

ब्रह्मपुरीला डिंपल नावाची तरुण वकील होती. तिनं ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं, "नवरा दोन वर्षं सोडून गेला असला तरी कोर्ट घटस्फोट देतं ताई, तुमची तर सहा झाली. तो येणारच नाही तारखेला." गिरजाच्या जिवात जीव आला. मजुरांना मिरचीवर नेणाऱ्या ठेकेदाराच्या पत्त्यावर नोटीस गेली. आणि जो सहा वर्षांत आईच्या दुखण्याला आला नाही, तो पोट्टा तारखेला वकील घेऊन हजर. गोरागोमटा झालेला, पायात बूट. त्याचं म्हणणं काय, तर मी बायकोला टाकलंच नाही. मजुरीला जातो, दरवर्षी तलावाच्या जाळ्याला गावी येतो, माझा ढीग पडतो, घर त्यावर चालतं. विचारा कोणालाही.

मेल्याला बायको नको होती. पण बायको मोकळी झाली तर बुढी आपल्या उंबऱ्यावर येऊन बसेल, हे त्याला कोणीतरी बरोबर समजावलं होतं.

गिरजानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "हाव म्या देत होती साहेब. पान्यात म्या उतरत होती." त्याच्या वकिलानं लगेच पकडलं, "म्हणजे खोट्या नावावर मासळी घेत होत्या? सोसायटीला फसवत होत्या? मग आज खरं बोलता कशावरून?" गिरजा साक्षीला आलेल्या भैयाजीकडे पाहू लागली.

भैयाजीला शपथ दिली. त्याच वकिलानं विचारलं, "सुरेंद्रच्या नावाचा ढीग दरवर्षी पडला का?"

"पडला."

"ढीग कोणाला मिळतो?"

"पान्यात उतरते त्याले."

"मग सुरेंद्र पाण्यात उतरला होता?"

"नाव पुकारलं, हाव आलं, ढीग पडला," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा विचारलं तरी तेवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर गिरजानं त्याला झाडाखाली गाठलं. "भाऊ, काऊन असं केलं? तुमाले तं सबन माहीत होतं."

"पोरी, म्या तुह्यासाठीच केलं." भैयाजीचे डोळे भरून आले. "बाई उतरत होती म्हनलं असतं तं त्याच दिवशी तुह्या घराचं नाव गेलं असतं. त्या तीन-चार घरायचंबी गेलं असतं. तलाव ठेक्यानं मांगनारे टपूनच बसले हायेत. म्या तुहं पोट वाचवलं."

"माहं पोट!" गिरजा म्हणाली. "अना म्या?" आपलेच दात, आपलेच ओठ. ज्यानं तिला पाच-सहा उन्हाळे जगवलं, त्यानंच तिला बुडवलं, तेही मायेनं. शिव्या तरी कोणाला द्यायच्या? ती खालीच बसली.

डिंपलनं सांगितलं, आता एकच रस्ता. त्याच्या घरचं माणूस बोललं पाहिजे. आईनं सांगितलं पोरगा आला नाही, तर ढीग गेला खड्ड्यात.

गिरजा दोन दिवस सासूच्या मागे मागे फिरली. तिला तेल लावून दिलं, मग स्वतःचीच लाज वाटली, तेलाची बाटली ठेवून दिली आणि समोर बसून म्हणाली, "आत्या, तुमचा पोरगा हाये, मले कळते. पन मी जित्ती मरून राह्यली. खोटं नोका बोलू. जे झालं तेच सांगा. मी तुमाले टाकून नाई जात."

मनकर्णा म्हणाली, "सांगीन ना. माह्या तोंडात काय किडे पडले?" आणि तिनं डिंपलच्या कागदावर अंगठाही दिला.

तारखेच्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. गिरजानं तिचा हात धरून तिला कोर्टात चढवलं. सुरेंद्र भिंतीशी उभा होता. "कोन, सुरिंद्र हाये का?" मनकर्णानं हवेतच विचारलं. तो जवळ आला नाही. इतक्या वर्षांनी माय हात पुढं करून उभी, आणि हा बुटाकडं पाहत राहिला. गिरजाला वाटलं, झालं, आता तर बुढी नक्की खरं बोलणार.

त्याच्या वकिलानं आवाज मऊ केला. "आजी, ढीग आणायला पाळीवर तुम्ही जात होत्या?"

"जात होती."

"सून मोकळी झाली तर तुमच्याकडे कोण पाहणार आहे, आजी?"

डिंपल ताडकन उठली, हरकत घेतली. साहेबांनी तो प्रश्न काढून टाकायला लावला. पण कागदावरून काढला म्हणून बुढीच्या काळजातून निघतो का? मनकर्णानं लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. तिचे ओठ हलत राहिले. गिरजा मनातल्या मनात तिला ढकलत होती, बोला आत्या, नाई म्हना, एकच शब्द आहे.

"तर मग आजी, मुलगा घरी येत होता का?"

"येत होता," मनकर्णा म्हणाली. "दरवर्षी येत होता. माह्या हातचं जेवून जात होता."

सुरेंद्रनंसुद्धा मान वर केली. इतकं खोटं त्यानंही मागितलं नव्हतं. डिंपलनं फाइल मिटली आणि हळूच म्हणाली, "निकालाची तारीख देतील. पण ताई, यात आता काही राहिलं नाही."

गिरजा बाहेर व्हरांड्यात आली. वाटलं, असंच चालत सुटावं. बुढी पिंजऱ्यात उभी राहू दे, तिचा पोरगा नेईल तिला, दरवर्षी जेवून जात होता ना! तिनं फाटकापर्यंत जाऊन मनसारामला फोन लावला. "नाई झालं," ती म्हणाली. "आता होत नाई. तुमी लगीन करून टाका." तो काहीतरी बोलत होता, थोडं थांबून पाहू का, असं काहीसं. तिनं 'पाहू' एवढंच ऐकलं आणि फोन ठेवला. मग फाटकाला टेकून ती मोठ्यानं रडली. येणारे-जाणारे पाहत होते. कोर्टाच्या फाटकाशी बाई रडते यात त्यांना नवीन काही नव्हतं.

सुरेंद्र वकिलासोबत तिच्या बाजूनंच गेला आणि मोटरसायकलच्या मागे बसून निघून गेला. एकटाच.

गिरजा परत वळली. मनकर्णा वरच्या पायरीवर उभी होती, एक पाय खाली सोडून पायरी चाचपत. शेजारून कोणी गेलं की तिकडं हात करायची, ते माणूस बाजूनं निघून जायचं. गिरजा वर चढली आणि तिचा दंड धरला. जरा जोरातच धरला. बुढीनं तो हात ओळखला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"माहं चुकलं," ती म्हणाली. "मले भेव वाटला. तू आता मले टाकशीन ना?"

"पाय खाली ठेवा," गिरजा म्हणाली. "टाकाचं कसं ते तुमच्या पोरालेच येते. मले कोनी शिकवलं नाई."