वारं पाहून ओढलेली बिडी

किसनमामा गेल्याचा फोन नांदेडच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलाने केला तेव्हा संध्याकाळ होती, आणि मी हातातली भाजी निवडायची सोडून सवयीने त्यांच्या अंगणाकडे बघत होते. आता बरं आहे, लवकरच घरी सोडतील, असं सकाळीच कळलं होतं. म्हणून मी त्यांचं अंगण झाडलं होतं, बाजेवर धुतलेली गोधडी टाकली होती... त्याला आता महिना होऊन गेला. कुरुंद्यात आमची दोन घरं शेजारी शेजारी, मधे फक्त कमरेइतकी भिंत. त्या भिंतीवरून आम्ही दोघं जितकं भांडलो, तितकं सख्खे भाऊ बांधावरून भांडले नसतील.

भांडणाचं कारण बिडी. मामी वारल्यावर मामांना उरलेलं सुख म्हणजे संध्याकाळी अंगणात बाज टाकून ओढलेली बिडी. आणि माझी मुक्ता तेव्हा पहिलीत, दम्याची. तिची खिडकी नेमकी त्याच भिंतीकडे उघडायची. धूर आला की लेकरू खोकायला लागायचं, मग छातीत शिट्टी वाजत राहायची. खिडकी लावावी तर खोलीची भट्टी व्हायची. मी आधी गोडीने सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "मी माह्या अंगणात ओढून राहिलो, सूनबाई. तुमच्या घरात येऊन ओढली का?"

"तुमी येत न्हाई मामा, धूर येतो."

"मंग धुराला सांगा."

असं बोलल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? एकदा अंगणात पाणी शिंपडताना माझी अर्धी बादली भिंतीपलीकडे गेली आणि मामांची बिडी विझली. हात घसरला, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, हळद शिजवायच्या दिवसांत, मुक्ताचा श्वास असा अडकला की तिचे ओठ निळे पडले. घरची माणसं शेतात कढईवर. मी तिला उचलून रस्त्यावर पळाले. जीप मामांनीच थांबवली आणि न विचारता आत बसले. वसमतपर्यंत मुक्ताला मांडीवर ताठ बसवून धरलं होतं. दवाखान्यात तिला वाफ लावली तेव्हा ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले बिडी ओढायला. जरा वेळाने पाहिलं तर पायऱ्यांवर नुसतेच बसले होते.

मुक्ता घरी आली त्या दिवशीची गोष्ट. दिवेलागणीला मामा भिंतीपाशी उभे. हातात पत्र्याचा डबा. त्यातून चिमूटभर काहीतरी घेतलं, हात वर केला आणि सोडलं... ते उडत आमच्या खिडकीकडे आलं आणि मामा टक लावून बघत राहिले. करणीबिरणी मी मानत नाही, पण लेकरू नुकतंच दवाखान्यातून आलेलं असलं की माणूस काहीही मानतं. मी तडक भिंतीशी गेले.

"काय टाकून राहिले माह्या घरावर?"

"भुसकट."

"काहून?"

"वारं पाहून राहिलो," मामा म्हणाले. "भुसकट जिकडं जाईल, धूर बी तिकडंच जाईल. बराबर हाय ना?"

मळणीयंत्र येण्याआधी मामा गावात उपणणीला, म्हणजे वाऱ्यावर धान्यातलं भूस उडवायला, नावाजलेले होते. उंच लाकडी तिवईवर चढायच्या आधी चिमूटभर भुसकट सोडून वारं बघायचं आणि मग जागा धरायची, नाहीतर उडालेलं भूस परत राशीवरच येऊन पडतं. तीच रीत त्यांनी बिडीला लावली. त्या दिवशी त्यांनी बाज फरफटत पार रस्त्याच्या कडेला नेली आणि तिथे पाठमोरे बसून बिडी पेटवली. चुकलं वगैरे म्हणाले नाहीत. तो त्यांचा स्वभावच नव्हता, आणि मला तरी कुठे ते ऐकायचं होतं?

तेव्हापासून रोज हे चाललं. कधी बाज गोठ्यापाशी, कधी रस्त्याला. वारं पडलेलं असलं की न पेटवलेली बिडी ओठात धरून बसायचे. "मामा, आज उपास का?" मी भिंतीवरून चहा देत विचारायची. "वारं आजारी हाय," म्हणायचे. अलीकडे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा डबा माझ्याकडे आला. ज्या बिडीवर मी बादली ओतली, तिच्यासाठी मीच भुसकट उडवायची आणि बाज ओढायची. बिडी सोडा म्हणूनही भांडून पाहिलं, पण तिथे मात्र मी हरले.

नांदेडला नेण्याच्या आदल्या संध्याकाळी वारं आमच्याकडेच होतं. मी दमले होते. म्हटलं, "मामा, मुक्ता आता हॉस्टेलवर हाय. ओढा इथंच, कुणाला तकलीफ न्हाई." त्यांनी मान हलवली. "लेकरू न्हाई, पण खिडकी तिचीच हाय ना?" मी बाज ओढली. त्या माणसावर माझा किती जीव होता, हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर चहात आलं जास्त झालं, असं काहीतरी बोलले असते.

मागच्या रविवारी मुक्ता आली. मामांच्या घराला कुलूप, बाज अजून अंगणात तशीच. संध्याकाळी ती डबा घेऊन माझ्याआधी भिंतीपलीकडे गेली. डब्यातून चिमूटभर भुसकट घेतलं आणि सोडलं. ते तरंगत तिच्या खिडकीकडे गेलं. मग वाकून तिने रिकाम्या बाजेचं एक टोक उचललं आणि म्हणाली, "आई, धर ना तिकडून."

आम्ही दोघींनी बाज उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली.